बदामातल्या सगळ्या कॅलरी अंगी लागतात का?

दोन कामांच्या मधे जेमतेम पाच मिनिटं मिळतात, पोटात कावळे ओरडत असतात आणि समोर दिसेल ते पाकीट फोडलं जातं. वजनावर लक्ष ठेवणारी मंडळी निदान त्यावरचा कॅलरीचा आकडा वाचतात. तो जरूर वाचावा, पण पिशवीत काय ठेवायचं हे नुसत्या आकड्यावरून ठरवू नये. पदार्थ अख्खा आहे की वाटलेला, त्यात पाणी किती आहे, तो चावावा लागतो की थेट गिळता येतो, यानेही पोटाचं गणित बदलतं.

पाकिटावरचा हिशेब मुळात अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. एक ग्रॅम प्रथिनांमागे किंवा कर्बोदकांमागे 4 कॅलरी, स्निग्ध पदार्थांमागे 9. रोजच्या मिश्र आहाराची ही सरासरी आहे आणि तिथे ती चांगली चालते. पण एकेका पदार्थाला लावली की कुठे कुठे फसते.

बदाम हे त्याचं फार सुंदर उदाहरण आहे. 2012 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी स्वयंसेवकांना बदाम असलेला आहार दिला आणि त्यांच्या मलातून किती ऊर्जा न पचता बाहेर पडते ते मोजलं. जुन्या हिशेबाने 28 ग्रॅम बदामांत, म्हणजे मूठभर दाण्यांत, सुमारे 170 कॅलरी भरत होत्या. शरीराला प्रत्यक्षात मिळाल्या 129.

बाकीच्या गेल्या कुठे? बदामाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर एकमेकींना चिकटलेल्या असंख्य पेशी दिसतात. प्रत्येकीत तेलाचे बारीक थेंब आणि भोवती तंतुमय भिंत. आपण कितीही चावलं तरी फुटतात त्या तुकड्याच्या कडेच्या पेशी. आतल्या शाबूत राहतात. त्यांच्या भिंती फोडणारी विकरं, म्हणजे पचनाला लागणारी एन्झाइम्स, आपल्याकडे नाहीत, त्यामुळे आतलं बरंचसं तेल तसंच पुढे सरकतं. पुढे 2016 मध्ये अख्खे, भाजलेले, चिरलेले बदाम आणि बदामाचं बटर अशी तुलना झाली. अख्ख्या कच्च्या बदामांतून सर्वांत कमी ऊर्जा मिळाली. बटरमध्ये मात्र पेशी वाटल्या गेलेल्या असतात, त्यामुळे तिथे जुना हिशेब बरोबर लागू पडला. पदार्थ तोच, यंत्राने चावून दिला एवढाच फरक. तरीही बदाम मूठभरच घ्यावेत. मोठी पिशवी सोबत नेली की कामाच्या नादात हात पुन्हा पुन्हा आत जातो, म्हणून छोट्या डबीत आधीच मोजून भरणं बरं.

सफरचंदाची गोष्ट भुकेच्या बाजूने तेच सांगते. 2009 च्या एका प्रयोगात लोकांना जेवणाआधी पंधरा मिनिटं सफरचंदाच्या फोडी, शिजवलेला गर किंवा रस दिला; प्रत्येकात कॅलरी सारख्याच. फोडी खाल्लेल्यांच्या पोटात, सफरचंद धरूनसुद्धा, काहीच न खाता जेवायला बसल्याच्या तुलनेत 15 टक्के कमी कॅलरी गेल्या. गराचा परिणाम त्याहून कमी. रसाने तर फारसा फरकच पडला नाही, अगदी त्यात तंतू घातले तरी. म्हणूनच फळांच्या रसाची बाटली मला पिशवीत नको वाटते.

पाण्याचं म्हणाल, तर 100 ग्रॅम द्राक्षांत 70 च्या आसपास कॅलरी असतात आणि तेवढ्याच वजनाच्या बेदाण्यांत 300. साखर तीच, फक्त पाणी उडालेलं. बेदाणे न्यायला सोपे खरे, पण भूक भागेपर्यंत किती खाल्ले जातील याचा विचार करावा. तेल-लोण्याविना फोडलेल्या पॉपकॉर्नचं याच्या अगदी उलट आहे: कपभर लाह्यांत जेमतेम 30 कॅलरी, कारण जागा बहुतेक हवेनेच व्यापलेली.

भूक लवकर परतू नये असं वाटत असेल तर थोडी प्रथिनं हवीत. उकडलेल्या मोठ्या अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं आणि 80 च्या आत कॅलरी, हा सौदा उत्तम. अडचण आहे ती तापमानाची. 4 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, त्यामुळे उकडलेलं अंडं फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा 32 अंशांपेक्षा गरम असेल तर एकच तास. दिवस बाहेर जाणार असेल आणि डब्याला बर्फाची सोय नसेल, तर अंडं घरीच खाऊन निघावं आणि सोबत सफरचंद नि बदाम घ्यावेत.