हाड राणीचं, हे कशावरून?

जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलं. आज मनोऱ्याचा जांभ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. पर्यटक खाली फोटो काढतात आणि पुढे जातात. याच अवशेषांत 2004 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला हाताचं एक हाड मिळालं.

पोर्तुगीज कागदपत्रांत आधीपासून नोंद होती. जॉर्जियाची राणी केटेवान हिला इराणच्या शाह अब्बासने 1624 मध्ये शिराझला हालहाल करून मारलं. ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी तिच्या अस्थी लपवून नेल्या आणि उजव्या हाताचा अवशेष गोव्याच्या मठात, चॅपेलच्या दुसऱ्या खिडकीत, काळ्या पेटीत ठेवला. आता, हुतात्म्याच्या अस्थी आपल्याकडे आहेत म्हटलं की मठाचा मान वाढायचा. तेव्हा नुसत्या कागदावर विसंबून भागणार नव्हतं.

हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत त्या हाडातून मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांचा, डीएनए काढला गेला. पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या दोनच प्रती असतात, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो. म्हणून आपल्या दमट हवेत शतकं काढलेल्या हाडातही तो हाती लागू शकतो. तो फक्त आईकडून येतो. त्यावरून आईकडचा वंशगट निघाला यू1बी. 22,000 हून अधिक भारतीयांच्या नमुन्यांत तो सापडला नाही. 30 जॉर्जियन नमुन्यांपैकी 2 जणांत सापडला.

'डीएनएने राणी ओळखली' असं म्हणून आपण मोकळे होतो. डीएनए तसं काही म्हणत नाही. हा वंशगट हजारो बायकांचा असू शकतो आणि त्या काळी गोव्यात पश्चिम आशियातले व्यापारी येत-जात होतेच. शिवाय 30 नमुने म्हणजे असे कितीसे! पण नोंद करणाऱ्या पाद्र्याला मायटोकॉन्ड्रिया ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. एकमेकांशी संगनमत करूच न शकणारे दोन साक्षीदार एकाच हाडाकडे बोट दाखवतात, तेव्हा शंकेला जागा फार थोडी उरते. 2021 मध्ये भारताने अवशेषाचा काही भाग जॉर्जियाला दिला.

गोव्यातच सांगे तालुक्यात पणसायमळच्या कातळचित्रांना मात्र असा दुसरा साक्षीदार नाही. कुशावती नदीच्या काठी जांभ्यावर बैल, हरणं, एक भलंमोठं चक्रव्यूहासारखं वर्तुळ कोरलेलं आहे. दगडात कोरलेल्या रेषेत कार्बन-14 ने वय मोजावं असं सेंद्रिय काही नसतं, आणि कागद तर नाहीच. वय प्रामुख्याने चित्रांच्या शैलीवरून काढतात, त्यामुळे अंदाजांत हजारो वर्षांचा फरक पडतो. कुणी ठाम आकडा सांगितला, तर तो कशावरून काढला एवढं विचारावं.