आरशासमोर ‘मी सुंदर आहे’ असं म्हणत राहून आपलं शरीर स्वीकारता येतं?
हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, पण ज्यांना त्याची सर्वाधिक गरज, त्यांच्यावरच तो उलटू शकतो. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांच्या २००९ मधल्या प्रयोगात आत्मसन्मान कमी असलेल्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वारंवार म्हटल्यावर अधिकच वाईट वाटलं.

शरीराबद्दलच्या नाराजीवरच्या थेरपीतही आरसा असतो, पण कौतुकासाठी नव्हे. पूर्ण उंचीच्या आरशात डोक्यापासून पायांपर्यंत क्रमाने पाहत फक्त रंग, आकार, पोत सांगायचा: ‘पोट गोलसर, नाभीखाली आडवी घडी.’ ‘बेढब’ शब्द आला की वाक्य नव्याने. (हे वाटतं त्याहून अवघड आहे.) नजर नावडत्या भागावरच खिळली, किंवा अस्वस्थता वाढताच माणूस बाजूला झाला, तर भीती उलट पक्की होते. म्हणून सुरुवात थेरपिस्टसोबतच; खाण्याचा विकार असल्यास एकट्याने मुळीच नको.