कामगार संघटनांचं सीमापार सहकार्य

एका देशातल्या कामगारांच्या लढ्यात दुसऱ्या देशातल्या युनियनने पैसा पाठवणं, माल न हाताळणं किंवा दोघांनी मिळून मालकाशी करार करणं, हे सगळं यात येतं.

सुरुवात कधीची यावर मतं वेगळी आहेत. बरेच जण १८६४ ला लंडनमध्ये निघालेल्या पहिल्या इंटरनॅशनल या कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेपासून मोजतात, आणि त्यात तथ्य आहेच, कारण संप फोडायला परदेशातून माणसं आणली जायची ती अडवणं हे तिचं एक मोठं काम होतं. पण तिचा सूर राजकीय जास्त आणि १८७० च्या दशकात ती संपलीही. एकाच धंद्यातल्या युनियन टिकाऊपणे एकत्र आल्या त्या साधारण १८८९ च्या पुढेमागे. खाणकामगार १८९०, धातू कामगार १८९३. त्यामुळे ही दुसरी तारीख जास्त पटते. १८८९ च्याच लंडन गोदी संपात ऑस्ट्रेलियातून सुमारे ३०,००० पौंड आले, तेव्हा कुठे उपाशी कुटुंबं तग धरू शकली आणि तासाला ६ पेन्सची मागणी पदरात पडली.

जहाजधंद्यात हे सहकार्य सगळ्यात मुरलेलं आहे. आयटीएफ हा वाहतूक कामगारांचा महासंघ १८९६ चा. मालक एका देशाचा, बोटीवर झेंडा पनामा नाहीतर लायबेरियाचा, खलाशी तिसरीकडचे, मग थकलेला पगार मागायचा कुणाकडे? म्हणून १९४८ पासून आयटीएफची अशा सोयीच्या झेंड्यांविरुद्ध मोहीम चालू आहे. इन्स्पेक्टर बोटीवर चढतो, पगाराचे कागद मागतो, खलाशांना बाजूला घेऊन हातात खरंच किती पडले ते विचारतो, कारण हिशोबाच्या दोन-दोन वह्या सापडलेल्या आहेत. खरा जोर मात्र धक्क्यावरच्या गोदी कामगारांचा, त्यांनी माल उतरवला नाही तर बोट नुसती उभी. २००३ पासून मालकांच्या गटाशी जागतिक पगार करारही होतात.

इतर धंद्यांत चित्र विरळ. खाद्य उद्योगात आययूएफ या खाद्य कामगारांच्या जागतिक महासंघाचा डॅनोन या फ्रेंच कंपनीशी १९८८ चा समझोता अशा जागतिक करारांत पहिला मानला जातो. कपड्यांत २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून १,१०० हून जास्त माणसं गेली, त्यानंतर ब्रँड आणि जागतिक युनियन यांच्यात इमारत सुरक्षेचा कायद्याने बांधील करार झाला. तो आधी व्हायला हवा होता.

कायदा आडवा येतो तो पाठिंब्याच्या संपाला, म्हणजे दुसऱ्या मालकाच्या कामगारांसाठी केलेल्या संपाला. ब्रिटनमध्ये तो बेकायदेशीर, म्हणून १९९५ ला कामावरून काढलेल्या लिव्हरपूलच्या गोदी कामगारांना घरच्यापेक्षा बाहेरूनच मोठी साथ मिळाली: १९९७ ला नेपच्यून जेड या बोटीचा माल अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये, मग कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये आणि पुढे जपानमध्येही तिथल्या कामगारांनी उतरवून घ्यायला नकार दिला.