गाठ फुटत नाही, सैल होते

मान आणि खांदा यांच्या मधल्या स्नायूत बोटाला कडक दोरीसारखं काहीतरी लागतं. ही गाठ कोपराने ‘फोडायची’ आणि आत साठलेलं लॅक्टिक ॲसिड बाहेर काढायचं, अशी डीप टिश्यू मसाजची, म्हणजे खोल दाबाच्या मालिशची, जाहिरात चालते. दोन्ही दावे चुकीचे आहेत. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) साधारण तासाभरात आपोआप निवळतं. हृदय आणि यकृत ते वापरून टाकतात. कॅनडात २०१० साली झालेल्या प्रयोगात तर हाताच्या जोरदार व्यायामानंतर केलेल्या मसाजने रक्तप्रवाहच अडला आणि लॅक्टेट निघायला उशीर झाला. आणि गाठ फोडण्याचं म्हणाल, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूचं फॅशिया हे स्नायूवरचं आवरण इतकं चिवट असतं, की ते एक टक्का दाबण्याइतकाही जोर हातात नसतो.

मग आराम का पडतो? दाब ज्या चेतातंतूंना जाणवतो, त्यांच्यात याचं उत्तर आहे.

जवळपास प्रत्येक स्नायूत मुख्य तंतूंना समांतर असे काही मिलिमीटर लांबीचे संवेदक असतात, त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. स्नायू ताणला की स्पिंडलही ताणलं जातं आणि त्याला वेटोळं घालून बसलेला ‘वन-ए’ तंतू मज्जारज्जूकडे संदेश धाडतो, सेकंदाला ७० ते १२० मीटर वेगाने. तिथे तो थेट त्याच स्नायूच्या मोटर न्यूरॉनला, म्हणजे स्नायूला आकसायचा हुकूम देणाऱ्या चेतापेशीला भिडतो, मध्ये दुसरी पेशी नाही. म्हणून सुमारे ३० मिलिसेकंदांत स्नायू आकसतो. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो तो याच वाटेने. वन-ए तंतूची खरी खासियत अशी, की ताण किती आहे यापेक्षा तो किती वेगाने वाढतोय याला तो जास्त दाद देतो. कोपर झटक्याने रुतवलं तर स्नायू आणखी आवळतो. तेवढाच दाब सावकाश आला, तर हा तंतू बराच शांत राहतो. पोटरीवर केलेल्या मोजमापांत मसाज चालू असताना मोटर न्यूरॉनची उत्तेजनक्षमता घटलेली दिसते, आणि हलक्या दाबापेक्षा खोल दाबाने जास्त. म्हणजे खोलीला अर्थ आहे, पण ती घाईने गाठायची नाही. हात काढल्यावर हा परिणाम लवकरच ओसरतो.

म्हणून पहिली पाच मिनिटं तळहाताने हलकं चोळा. तेल थोडंच घ्या. जास्त झालं की हात घसरतो, खोलवर पकड मिळत नाही. अंगठ्याने रेटू नका, सांधा मागे वाकून दुखावतो. कोपराखालचा मांसल भाग टेकवा आणि अंगाचं वजन तिरकं, साधारण ४५ अंशांत, हळूहळू सोडा. मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत जायला १० ते १५ सेकंद लागले पाहिजेत. गाठीवर ३० ते ६० सेकंद थांबा, आणि एका जागी तीन-चार फेऱ्यांवर जाऊ नका. दुखणं दहापैकी सहाच्या पुढे गेलं, श्वास अडला किंवा मूठ वळली, तर दाब लगेच कमी करा: स्नायू आता स्वतःला वाचवायला ताठ होतोय. शेवटी दोन-तीन मिनिटं खांदे फिरवायला आणि मान दोन्ही बाजूंना वळवायला लावा. स्नायू सैल आहे तोवरच ही हालचाल सोपी जाते, आणि बरेच जण नेमकं हेच टाळतात.

गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ आणि गुडघ्यामागची खोलगट जागा इथे खोल दाब नको. तिथे रक्तवाहिन्या वरच असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हाडं ठिसूळ असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखरेपणा असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते, हातच लावू नका. अंगावर काळंनिळं पडणं म्हणजे ‘विषद्रव्यं निघाली’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. फुटलेल्या केशवाहिन्या असतात त्या. एक-दोन दिवस अंग ठणकणं चालेल. पण दुखणं वाढत गेलं आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात उतरत असतं, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं.