लो व्हेरियंटला जीटीचा स्पॉयलर लावायचाय? आरटीओत काय लागतं, इन्शुरन्सला काय लागतं आणि क्लेम नेमका कुठे अडकतो

फोक्सवॅगन व्हर्टस आपल्या चाकणलाच बनते, जून २०२२ मध्ये बाजारात आली आणि तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. गाडी घेतली १.० लिटरची, पण डिकीवरचा तो चकचकीत काळा स्पॉयलर मिळतो वरच्या जीटी व्हेरियंटला, मग तो वेगळा आणून लावला तर चालतो का, आरटीओची परवानगी काढावी लागते का, पोलीस पकडतात का. सियाझच्या एस व्हेरियंटला स्पॉयलर आला तेव्हाही साध्या सियाझवाल्यांचं हेच विचारणं होतं. गाडी कुठलीही असो, उत्तर साधारण तेच आहे.

थोडक्यात सांगायचं तर आरटीओत यासाठी अर्जच नाही, अर्ज आहे तो इन्शुरन्स कंपनीकडे. आणि लोक करतात बरोबर उलटं. आरटीओच्या दारात हेलपाटे मारतात, एजंटला पैसे देतात, आणि इन्शुरन्स कंपनीला एक साधा ईमेल करायचा राहून जातो. मग गाडी कुठेतरी मागून ठोकली गेली की नुकसान तपासायला आलेला कंपनीचा सर्व्हेअर फोटो काढतो, पॉलिसी बघतो आणि म्हणतो हा पार्ट तुमच्या व्हेरियंटला नसतो, डिक्लेअर केला होता का?

आधी आरटीओचं उरकून टाकू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. आणि बदल म्हणजे काय हेही तिथेच दिलंय, गाडीच्या रचनेत असा फेरफार की ज्याने तिचं मूळ स्वरूपच बदलतं. आता आरसी हातात घ्या आणि वाचा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन, सीसी, व्हीलबेस, सीट किती, रिकामं वजन, रंग, बॉडीचा प्रकार. यात स्पॉयलर कुठेच नाही. त्यामुळे कंपनीनेच त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेला, डिकीच्या कडेला चिकटून बसणारा स्पॉयलर लावला तर आरसीवर बदलण्यासारखं काही नसतं, आणि जे बदलायचंच नाही त्याची नोंद आरटीओ कुठे करणार? ऑनलाइन सेवांच्या यादीत स्पॉयलरसाठी वेगळा ऑप्शन शोधत बसू नका, तो नाही. कोणी एजंट 'साहेबांची सही आणून देतो, परवानगीचं लेटर मिळेल' म्हणत असेल तर तिथूनच नमस्कार करा. असल्या लेटरला पुढे कोणी विचारत नाही.

मात्र हे सगळं त्या छोट्या कंपनीच्या स्पॉयलरपुरतंच आहे बरं का. दोन खांबांवर उभा राहणारा उंच विंग, मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइट झाकणारा, बंपरच्या बाहेर येणारा, कडा धारदार असलेला, असलं काही लावलं तर 'भाऊ, कंपनीचाच आहे' हे उत्तर चालणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं आहे. प्रत्येक बदलामागे, हे दोनदा वाचा, कारण विंग लावणारा माणूस सहसा विंगवर थांबत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगून ठेवलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, राज्याचा नियम काही म्हणो. त्या निकालाच्या बातम्या अशा पसरल्या की लोक मडफ्लॅप लावायलाही घाबरायला लागले, तेवढं घाबरायचं कारण नाही.

आता ते १४ दिवसांचं. हे इतके जण चुकीचं वाचतात की काय सांगू. कलम ५२ मध्ये १४ दिवसांत कळवायचं असं आहे, पण ते मंजुरी घेऊन केलेल्या बदलाबद्दल आहे. म्हणजे आधी मंजुरी, मग काम, आणि काम झाल्यापासून १४ दिवसांत आरसी जमा करून नोंद. लोक वाचतात 'आधी करून टाका, १४ दिवसांत सांगितलं की झालं'. स्पॉयलरला हे लागूच नाही, पण स्पॉयलरसोबत मूड येतो आणि पांढरी गाडी पूर्ण मॅट काळी रॅप केली जाते, तिथे मात्र लागतं, कारण रंग आरसीवर आहे. रंग बदलायचा तर परवानगी आधी. आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती, आणि गाडी इन्स्पेक्टरला दाखवायची. बँकेच्या संमतीवाचून सगळ्यात जास्त अर्ज लटकतात, कारण बँकेच्या शाखेला असं पत्र द्यायचं असतं हेच माहीत नसतं. ते तुम्हाला गाडी विकण्याची एनओसी हवी आहे असं समजून कर्ज फेडायला सांगतात.

चला, मुख्य विषयाकडे. इन्शुरन्स कंपनी जी आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यापुरती धरलेली किंमत, काढते ती तुमच्या व्हेरियंटच्या शोरूम किमतीवरून, त्यात वरून लावलेलं काही धरलेलं नसतं. वेगळं लावलेलं सगळं अ‍ॅक्सेसरीज या खात्यात जातं आणि त्याचे दोन प्रकार, इलेक्ट्रिकल आणि नॉन-इलेक्ट्रिकल. साधा स्पॉयलर नॉन-इलेक्ट्रिकल. एलईडी ब्रेक लाइटवाला घेतलात तर तो इलेक्ट्रिकलमध्ये जातो, शिवाय वायरिंग कापलं तर वॉरंटीचा वेगळाच वाद, म्हणून माझं मत विचाराल तर बिनलाइटचा घ्या. पॉलिसी चालू असताना मध्येच अ‍ॅक्सेसरी वाढवायची तर त्याला एंडोर्समेंट म्हणतात. अर्ज म्हणजे कंपनीच्या अधिकृत ईमेलवर चार ओळी, सोबत पॉलिसी, आरसी, बिल आणि फोटो. फोटोत नंबर प्लेट आणि स्पॉयलर एकाच फ्रेममध्ये आले पाहिजेत, नुसत्या स्पॉयलरचा क्लोजअप पाठवला की परत मागतात. कधी इन्स्पेक्शनला माणूस येतो, कधी ॲपवर व्हिडिओ काढायला सांगतात. एवढं सोपं आहे. आणि तरी परत येतं, कारण बिल.

बिल कोणाकडेच नसतं हो! नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊन स्पॉयलर घेतला, दुकानदाराने पॅडवर 'स्पॉयलर १ नग' आणि खाली रक्कम असं लिहून दिलं, त्यावर जीएसटी नंबर नाही, गाडी नंबर नाही, कधी कधी तारीखही नाही. ही कच्ची पावती कंपनीला चालत नाही. पक्कं बिल हवं, तुमच्या नावाचं, जीएसटी नंबर असलेलं, शक्यतो गाडीचा नंबर टाकलेलं. दुकानदार म्हणेल पक्कं घेतलं तर टॅक्स लागेल, लागू दे. ज्यांनी अपघातातल्या जीटीचा काढलेला स्पॉयलर कोणाकडून घेतलाय त्यांना तर बिल मिळायचं नावच नाही, त्यांनी निदान विकणाऱ्याकडून लेखी घेऊन ठेवावं, उद्या पार्ट चोरीचा निघाला तर तेवढाच आधार. विमा त्यावर मिळेल असं मात्र धरून चालू नका.

मग सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घ्या असं सांगितलं की तिथे दुसरी अडचण. पार्ट्सच्या काउंटरवरचा मुलगा तुमचा चेसिस नंबर टाकतो आणि म्हणतो, सर, तुमच्या गाडीला हा पार्टच नाही. बरोबर आहे त्याचं, चेसिस नंबर टाकला की सिस्टिम फक्त त्याच व्हेरियंटचे पार्ट दाखवते आणि तुमच्या व्हेरियंटला स्पॉयलर नाहीच. लोक इथूनच परत फिरतात. परत फिरू नका. कोणा जीटीवाल्याकडून पार्ट नंबर मिळवा आणि चेसिस नंबरऐवजी थेट पार्ट नंबरने ऑर्डर टाकायला सांगा. पेंट केलेला येतो की प्रायमर मारलेला तेही आधी विचारून घ्या, नाहीतर पेंटिंगचा खर्च आणि त्याचं अजून एक बिल. आणि बिल बनवताना काउंटरवरच उभं राहून सांगा की माझ्या नावावर आणि माझ्या गाडी नंबरवर बनवा. ज्याने पार्ट नंबर दिला त्या मित्राच्या नावावर बिल बनलेलं बघितलंय, नाव एकाचं, गाडी दुसऱ्याची. ते दुरुस्त करून घेणं म्हणजे क्रेडिट नोट वगैरे, नकोच ते.

लावताना डिकीला भोकं पाडू देऊ नका, टेपवाला बसवा. भोकाच्या कडेला गंज धरला तर वॉरंटीवाले हात वर करतात, आणि भोक पाडून कोणी दिलं हे बिलावर लिहिलेलं नसतं.

पुढचा घोळ म्हणजे अर्ज कुठल्या कंपनीला पाठवायचा. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो, ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, मात्र बहुतेकांकडे एकेका वर्षाचा असतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षी अनेकांचा थर्ड पार्टी एका कंपनीकडे आणि ओन डॅमेज दुसरीकडे असं होतं. स्पॉयलरची नोंद ओन डॅमेजवाल्या कंपनीकडेच करायची. थर्ड पार्टीवाल्यांना मेल केला तर ते 'वुई विल गेट बॅक टू यू' असं ऑटोमॅटिक उत्तर पाठवतात आणि माणूस निश्चिंत होतो, काम झालं म्हणून. काही झालेलं नसतं. आणि ज्यांच्याकडे नुसता थर्ड पार्टीच आहे त्यांनी हे पुढचं सगळं सोडून द्या, तुमच्या गाडीचंच नुकसान तिथे मिळत नाही तर स्पॉयलरचं काय घेऊन बसलात.

मेल केला म्हणजे कव्हर सुरू झालं, असंही नाही. विमा कायदा १९३८, कलम ६४व्हीबी, प्रीमियम कंपनीच्या हातात पडल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. म्हणजे मेल सोमवारी, पैसे भरायची लिंक गुरुवारी, आणि बुधवारी कोणी मागून ठोकली तर स्पॉयलर कव्हरमध्ये नाही. लिंक आली की लगेच भरा, रक्कम किरकोळ असते म्हणून लोक नंतर भरू म्हणतात आणि लिंक एक्स्पायर होते. मग एंडोर्समेंटचा कागद आला की उघडून बघा, नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीजसमोर आकडा आहे का. शून्य असेल तर परत मेल. कंटाळा करू नका. शून्य असलेला कागद फाइलला लावून ठेवलेले लोक थोडेथोडके नाहीत.

आता कोणी हिशोब करेल आणि म्हणेल एवढा उपद्व्याप कशाला. करूच हिशोब. समजा स्पॉयलर १०,००० चा. प्लास्टिक पार्टला ५० टक्के घसारा, म्हणजे झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर ५,००० राहिले, फायबरचा असेल तर घसारा ३० टक्के. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीचे कापतात. हातात आले ४,०००, आणि तेवढ्यासाठी नो क्लेम बोनस घालवणार कोण? बरोबर आहे, नुसत्या स्पॉयलरचा क्लेम कोणी करूच नये. पण डिकी, बंपर, टेललाइट आणि मागचं पॅनेल सगळं गेलेल्या क्लेममध्ये एक न सांगितलेला पार्ट असला की फाइल 'व्हेरिफिकेशन'ला जाते, गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहते आणि तुम्ही रोज फोन करत बसता. एंडोर्समेंट त्यासाठी आहे.

आणि कृपा करून जीटीचा बॅज लावू नका. आरसीवर ९९९ सीसी आणि डिकीवर जीटी, जीटी प्लस तर १,४९८ सीसीची असते, सर्व्हेअरला संशय यायला अजून काय हवं. स्पॉयलर दिसायला छान आहे, तो लावा, बॅजने फक्त प्रश्न वाढतात. विकताना तर नकोच नको, जाहिरातीत जीटी लिहून १.० ची टॉपलाइन व्हेरियंट विकणं ही सरळ फसवणूक आहे.

रिन्यूअलला परत सावध राहा. ऑनलाइन पॉलिसी काढताना अ‍ॅक्सेसरीजचा रकाना बहुतेक ठिकाणी बंद असतो किंवा शून्यावर असतो, आपण घाईत पुढे पुढे करत पैसे भरतो आणि मागच्या वर्षी मेहनतीने चढवलेली नोंद गायब. कंपनी बदलली तर हे नक्की होतं, कारण नवीन कंपनीला तुमच्या स्पॉयलरचा पत्ताच नसतो. दरवर्षी रकाना उघडून आकडा टाकायचा, आणि तो घसारा धरून टाकायचा, तीन वर्षांनी नव्याची किंमत लिहिलीत तर प्रीमियम जास्त आणि क्लेम तेवढाच.

नाक्यावर आरटीओच्या वायुवेग पथकाने अडवलं तर बिलाची पीडीएफ मोबाईलमध्ये ठेवा, पार्ट नंबर आणि गाडी नंबर दिसला की बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. वाद घालू नका. चलन फाडलंच तर ई-चलनावर कलम कुठलं टाकलंय ते बघा, ऑनलाइन तक्रारीत बिल आणि आरसी जोडता येते.

आणि सगळं करूनही क्लेम नाकारला तर आधी लेखी नकार मागा. फोनवर 'नॉट पेएबल' सांगितलेलं काही उपयोगाचं नाही. मग कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी तक्रार करा, एक महिना थांबा. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, पुण्यात आणि मुंबईत दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. मुदत कंपनीने नाकारल्यापासून एक वर्ष. अर्जासोबत तेच कागद, पॉलिसी, एंडोर्समेंट, पक्कं बिल, लावल्यानंतरचे फोटो, नकाराचं पत्र आणि तुम्ही केलेल्या तक्रारीची पोच. पोच नसेल तर पाठवलेल्या ईमेलची तारखेसकट प्रिंट चालते, स्क्रीनशॉट मात्र अर्धवट कापून लावू नका, वरची तारीखच कापलेली असते.