लडलो : आमच्या इंग्लंड सहलीतील दोन मुक्कामांविषयी

इंग्लंडच्या सहलीत श्रॉपशर परगण्यातील लडलो या लहानशा गावासाठी आम्ही दोन रात्री का राखून ठेवतो, असे अनेक प्रवासी विचारतात. हे गाव तासाभरात पाहून होत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार हे येथील बाजाराचे वार असल्याने मुक्कामात त्यांपैकी एक तरी वार येईल, अशी आखणी आम्ही करतो.

बाजार भरतो तो किल्ल्याच्या दारासमोरील चौकात, आणि हा योगायोग नाही. वेल्सच्या सरहद्दीवर नजर ठेवण्यासाठी अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन सरदारांनी टीम नदीच्या काठी किल्ला बांधला आणि त्याच्या आश्रयाने, आखीव रस्त्यांचे हे गाव वसले. पुढे वेल्सचा कारभार पाहणारे मंडळ येथूनच काम करी. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर १५०२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, याच किल्ल्यात वारला. म्हणून धाकटा भाऊ आठवा हेन्री गादीवर आला आणि त्याने आर्थरच्या विधवेशी लग्न केले. आज किल्ला भग्नावस्थेत असला तरी आतील गोलाकार प्रार्थनामंदिर मुळीच चुकवू नये. भारतीय प्रवाशांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते : १८११ मध्ये हा किल्ला विकत घेणारे पोविसचे अर्ल म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड, जो त्याआधी मद्रासचा गव्हर्नर होता. किल्ला अजूनही त्याच घराण्याकडे आहे.

सेंट लॉरेन्स चर्चमधील लाकडी आसनांखालचे कोरीवकाम वाकून पाहावे लागते, पण तेवढे कष्ट जरूर घ्यावेत. त्यात माप मारणाऱ्या एका दारूविक्रेतीला सैतान नरकात नेत असल्याचे दृश्य आहे. बाजारगावाला शोभेल असाच हा धाक! गुडघ्यांचा त्रास नसलेल्यांनी मनोऱ्यावरही चढावे. तेथून उतारावरची ब्रॉड स्ट्रीट आणि तिच्या पायथ्याशी उरलेली मध्ययुगीन वेस पाहून घ्यावी. १६१९ मधील ‘फेदर्स’ या इमारतीचा काळ्या लाकडांचा नक्षीदार दर्शनी भाग रस्त्यावरूनच उत्तम दिसतो.

खाण्यापिण्यासाठी लडलोचा लौकिक मोठा आहे. १९९५ पासून येथे खाद्यमहोत्सव होत आला आहे. मात्र शाकाहारी प्रवाशांनी चीज घेताना ते वासराच्या जठरातील रेनेट घालून केलेले नाही ना, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. ‘श्रॉपशर ब्लू’ नावाचे केशरी चीज येथलेच असेल असे वाटते खरे, पण ते पहिल्यांदा तयार झाले स्कॉटलंडमध्ये.

लंडनहून येताना रेल्वेगाडी बदलावी लागते; श्रूजबरी आणि हेरफर्डहून मात्र थेट गाड्या आहेत. जुन्या गल्ल्यांमध्ये चढउतार बराच असल्यामुळे चाकांच्या मोठ्या बॅगा टाळाव्यात.