गुन्हेप्रतिबंधाचे अग्रक्रम आणि निधी (मुंबई)

शहरातील गुन्हे कमी करण्यासाठी कोणते काम आधी हाती घ्यायचे आणि त्यासाठी कोणत्या तिजोरीतून किती पैसा काढायचा, हे ठरवण्याची पद्धत. मुंबईत हे निर्णय एका ठिकाणी होत नाहीत. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे दोन्ही विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत येतात, आणि १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी जे १८ विषय बाराव्या अनुसूचीत घातले त्यांत पोलीस नाही. म्हणून पोलीस आयुक्तांवर महापौरांचा अधिकार चालत नाही; पोलीस दल राज्याच्या गृह विभागाच्या अखत्यारीत राहते. दुसरीकडे दिवाबत्ती, सार्वजनिक शौचालये, बसथांबे, वस्त्यांमधील गल्ल्या अशा गोष्टी, ज्यांच्या असण्यानसण्यावर रात्री घरी परतणाऱ्या बाईची सुरक्षितता अवलंबून असते, त्या बहुतांशी महानगरपालिकेच्या कक्षेत येतात.

पोलिसांचा नियमित खर्च विधिमंडळ ‘२०५५ – पोलीस’ या मुख्य लेखाशीर्षाखाली मंजूर करते. त्यातील मोठा वाटा वेतन व भत्त्यांवर जातो, त्यामुळे नव्या कामाला वळवता येईल अशी रक्कम थोडी उरते. नवे काम करायचे तर जिल्हा नियोजन समिती, केंद्राच्या योजना किंवा राज्याने स्वतंत्रपणे मंजूर केलेले प्रकल्प यांच्याकडे पाहावे लागते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे असल्याने पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समित्याही दोन आहेत, आणि पोलीस आयुक्तालय मात्र एकच. या समित्यांचा निधी ३१ मार्चपूर्वी खर्ची पडणे अपेक्षित असल्यामुळे वाहने, कॅमेरे, संगणक अशा तयार खरेदीच्या प्रस्तावांना सहज जागा मिळते. तपासाचे कौशल्य वाढवणे किंवा वस्तीशी संवाद राखणे ही वर्षानुवर्षे चालणारी कामे त्या चौकटीत नीट बसत नाहीत. निधीच्या अशा घडणीमुळे अग्रक्रम पुष्कळदा आपोआप ठरून जातो, ही या पद्धतीची सर्वांत गंभीर उणीव मानली पाहिजे.

मोठ्या खर्चाचा अग्रक्रम बहुधा एखाद्या आघातानंतर बदलतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर शहरभर सीसीटीव्हीचे जाळे उभारण्याचे ठरले, पण निविदांच्या फेऱ्यांत वर्षे गेली आणि सुमारे दीड हजार ठिकाणच्या साधारण ४,७०० कॅमेऱ्यांची यंत्रणा २०१६ मध्ये सुरू झाली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर केंद्राने २०१३ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर केला. त्यातून ‘सुरक्षित शहर’ प्रकल्पासाठी निवडलेल्या आठ शहरांत मुंबईही आहे. महिलांच्या सुरक्षेसाठी या निधीतून घेतलेली काही वाहने राजकीय व्यक्तींच्या बंदोबस्ताला लावल्याचे २०२२ मध्ये उघड झाले, तेव्हा टीका झाली आणि ती योग्यच होती. रक्कम मंजूर झाली म्हणजे अग्रक्रम पाळला गेला असे होत नाही. वापराची देखरेखही तितक्याच नेटाने व्हावी लागते.

मनुष्यबळाची वाटणी हाही निधीचाच निर्णय असतो. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला आणि नंतर तो इतर ठाण्यांतही नेण्यात आला. त्यात मुख्य भर होता तो उपलब्ध माणसांच्या कामाची वाटणी नव्याने करण्यावर. २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या पाचही प्रादेशिक विभागांत सायबर पोलीस ठाणी उघडण्यात आली, तेव्हा ऑनलाइन फसवणुकीचा वाढता भार ओळखून केलेली फेरवाटणी दिसली. कमी खर्चाच्या उपायांत भिवंडीचे उदाहरण आजही अभ्यासण्याजोगे आहे. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर तेथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, शेजाऱ्यांना नियमितपणे एकत्र बसवले, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

अग्रक्रम ठरवताना आकडेवारीचा आधार घेतला जातो, परंतु तो आधार जपून वापरावा लागतो. दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना सुरू करू शकतात) माहिती मिळताच गुन्हा नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले. तरीही साधी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून तक्रारदाराला परत पाठवल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. ज्या ठाण्यात प्रत्येक तक्रार प्रामाणिकपणे नोंदवली जाते तेथे गुन्हे वाढलेले दिसतात, आणि केवळ या वाढीवर अधिकाऱ्याचे मूल्यमापन झाले तर न नोंदवण्याला बक्षीस मिळते.

२०१३ मध्ये महालक्ष्मीजवळच्या बंद शक्ती मिलच्या ओसाड आवारात झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर शहरातील पडीक जागांचा प्रश्न ऐरणीवर आला. अशा जागांची मालकी, कुंपण, उजेड आणि गस्त वेगवेगळ्या यंत्रणांच्या हाती असते. रस्त्यावरच्या दिव्यांचेच पाहिले, तर बेस्ट, अदानी इलेक्ट्रिसिटी आणि महावितरण आपापल्या भागात ते सांभाळतात आणि खर्च महानगरपालिका देते. अंधारी गल्ली दाखवून देण्याचे काम पूर्वी मुख्यतः नगरसेवक करत; मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपल्यावर निवडणुका लांबत गेल्या आणि त्या काळात ही मागणी थेट प्रशासनाकडेच न्यावी लागली.